सन्मानाची किल्ली आणि क्लबचे दार

मूल परदेशी शिकायला निघाले की विमानतळावर दिली जाणारी नसीहत बहुतेक घरांत सारखीच असते. नमाज सोडू नकोस, खाण्यापिण्यात हलाल-हराम बघ, फोन करत जा, आणि अभ्यासाशिवाय दुसऱ्या कशात लक्ष घालू नकोस. पहिल्या तीन गोष्टींबद्दल आमचे काही म्हणणे नाही. चौथीबद्दल आहे, आणि हा लेख तेवढ्यासाठीच लिहीत आहोत.

आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. आमच्या हाताखालून दहावी होऊन गेलेल्या मुला-मुलींपैकी काही आता अमेरिकेत बिझनेस स्कूलमध्ये, म्हणजे वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या कॉलेजात पोहोचली आहेत. त्यांना तिथे पाठवताना घरच्यांनी काय केले ते आम्हाला माहीत आहे. व्याजाचे कर्ज नको म्हणून कुणी दागिने मोडले, कुणी मामा-चुलत्यांकडून हातउसने घेतले, कुणी गावचा जमिनीचा तुकडा विकला. एवढे करून पाठवलेले मूल फोनवर सांगते, "आज क्लबची मीटिंग होती," तेव्हा इकडे अब्बांच्या कपाळावर आठ्या पडतात. क्लब हा शब्दच आपल्याकडे बदनाम आहे. क्लब म्हणजे पत्ते, नाच आणि दारू. तेच मूल जर म्हणाले की मला 'ऑनर सोसायटी'चे पत्र आले आहे, तर मोहल्ल्यात पेढे वाटले जातात.

पेढे जरूर वाटावेत. पण या दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या तर आठ्या थोड्या कमी होतील आणि पेढेही थोडे जपून वाटले जातील.

ऑनर सोसायटी म्हणजे गुणवंतांची सभा. तिथे आपणहून नाव नोंदवता येत नाही. वर्गात वरच्या क्रमांकात आलात की बोलावणे येते, छोटा समारंभ होतो, प्रमाणपत्र मिळते, पदवीदान समारंभात गळ्यात घालायला रंगीत गोफ मिळतो. जुन्या सभा आपल्या सभासदांना छातीवर किंवा घड्याळाच्या साखळीत लावायला छोटी सोन्याच्या रंगाची किल्ली देत. ती किल्ली अजूनही त्यांची खूण आहे. क्लबचे तसे नाही. क्लब विद्यार्थी स्वतः चालवतात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार त्यांचेच, वर्गणी त्यांची, भांडणेही त्यांचीच.

आधी मजलिस, मग मान

अमेरिकेतली सर्वांत जुनी गुणवंतांची सभा फाय बीटा कॅपा. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी ती सुरू केली. नाव ग्रीक अक्षरांचे. तिथून पुढे अमेरिकन विद्यापीठांत अशा ग्रीक अक्षरांच्या नावांची रीतच पडली. पण ही पाच मुले गुणपत्रिका घेऊन जमली नव्हती. ती वादविवाद करायला, निबंध वाचून दाखवायला, एकमेकांशी मोकळेपणी बोलायला जमत. म्हणजे आज जिचे बोलावणे येणे हा मोठा सन्मान समजला जातो, ती मुळात एक क्लब होती.

व्यापार शिकवणाऱ्या कॉलेजांचीही हीच कथा. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १८८१ साली व्हॉर्टन स्कूल सुरू झाले, तेव्हा विद्यापीठात व्यापार शिकवायचा ही कल्पनाच नवी होती. पुढच्या पाव शतकात ठिकठिकाणी अशी कॉलेजे आणि विभाग निघाले, आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी आपापली मंडळे काढली. कॅलिफोर्निया विद्यापीठात १९०६ साली 'इकॉनॉमिक्स क्लब', विस्कॉन्सिनमध्ये १९०७ साली 'बीटा गॅमा सिग्मा', इलिनॉयमध्ये १९१० साली 'डेल्टा कॅपा काय'. १९१३ साली ही तिन्ही एकत्र आली आणि बीटा गॅमा सिग्मा याच नावाने देशपातळीची सभा झाली. त्या तीन अक्षरांमागे तीन ग्रीक शब्द आहेत. त्यांचा अर्थ प्रतिष्ठा, शहाणपण आणि कळकळ. (त्याच १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आपल्याकडे वाणिज्याचे शिक्षण कॉलेजात आले तेही याच सुमारास.)

आज बिझनेस स्कूलमधल्या विद्यार्थ्याला मिळणारा हा सर्वांत मानाचा सन्मान समजला जातो. एएसीएसबी ही बिझनेस स्कूलांना मान्यता देणारी संस्था १९१६ पासून आहे. तिची मान्यता असलेल्या कॉलेजातच बीटा गॅमा सिग्माची शाखा असू शकते. पदवीच्या वर्गातले वरचे दहा टक्के आणि मास्टर्सच्या वर्गातले वरचे वीस टक्के, एवढ्यांनाच बोलावणे. सभासदत्व आयुष्यभराचे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला वाणिज्याच्या या मंडळांत मुलींना जागा नव्हती. मग १९१८ साली इलिनॉय विद्यापीठातल्या मुलींनी आपली वेगळी सभा काढली, गॅमा एप्सिलॉन पाय. पंधरा वर्षे ती स्वतंत्रपणे चालली आणि १९३३ साली बीटा गॅमा सिग्मात मिळाली. दार उघडेपर्यंत त्या मुली बाहेर नुसत्या उभ्या राहिल्या नाहीत.

पत्र आले, पैसे मागितले

आता पेढ्यांबद्दल. एका पालकांनी आम्हाला मोबाइलवर एक पत्र दाखवले होते. मुलाला अमेरिकेत जाऊन जेमतेम काही आठवडे झालेले, पहिली परीक्षासुद्धा व्हायची होती, आणि एका 'राष्ट्रीय गुणवंत सभे'ने त्याची निवड झाल्याचे कळवले होते. खाली शुल्काचा आकडा होता, डॉलरमध्ये. पालक खुशीत होते. आम्ही एवढेच विचारले की परीक्षाच झाली नाही, तर गुण कुणी पाहिले?

अशा सभा तिकडे पुष्कळ आहेत. नाव भारदस्त, पत्र सुंदर, आणि खरा धंदा वर्गणीचा. खऱ्या-खोट्याची पारख करायला फार हुशारी लागत नाही. त्या सभेची शाखा खुद्द त्या कॉलेजात आहे का? कुणी प्राध्यापक तिचा सल्लागार आहे का? निवडीचा निकष लेखी दिला आहे का? कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचारले की पाच मिनिटांत उत्तर मिळते. अमेरिकेत १९२५ पासून अशा सभांची एक शिखर संस्था आहे, असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज. ती निकष ठरवते आणि ते पाळणाऱ्यांनाच सामावून घेते. तिच्या यादीत नाव नसले म्हणजे सभा लबाडच असे नाही, पण चौकशी करावी. एक मात्र खरे, खऱ्या सभांनाही शुल्क असते. तेव्हा पैसे मागितले एवढ्यावरून कुणाला खोटे ठरवू नये.

किल्ली होती, दार बंद होते

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चांगले गुण आणि त्यांचा सन्मान पुरेसा असतो का?

जॉन क्रॉमवेल नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ १९०६ साली डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाले. हुशार इतके की फाय बीटा कॅपाचे सभासद. पुढच्याच वर्षी मास्टर्स. त्यांना सी.पी.ए. व्हायचे होते. आपल्याकडे सी.ए. असतो तसा तिकडे सी.पी.ए. ते वॉशिंग्टनमध्ये राहत, शाळेत शिकवत. (आमच्याच पेशाचे, म्हणून आम्हाला त्यांच्याबद्दल विशेष आपुलकी.) पण गोऱ्या हिशेबनिसांच्या फर्ममध्ये कृष्णवर्णीयांना काम मिळत नसे, आणि एखाद्या सी.पी.ए.च्या हाताखाली काम केल्याशिवाय परवाना मिळत नसे. कायद्यात कुठेही 'काळ्यांना मनाई' असे लिहायची गरजच नव्हती. अनुभवाची एक अट पुरेशी होती. शेवटी न्यू हॅम्पशायर या लांबच्या राज्यात ती अट नसल्याने तिथे परीक्षा देऊन १९२१ साली ते अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय सी.पी.ए. झाले. पदवीनंतर पंधरा वर्षांनी. खिशात सन्मानाची किल्ली होती, पण त्या किल्लीने उघडेल असे कुलूपच दाराला नव्हते.

पुढे शिकागोत मेरी वॉशिंग्टन यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये शिक्षण घेतले आणि १९४३ साली त्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सी.पी.ए. झाल्या. त्यांनी घराच्या तळघरात हिशेबाचे काम सुरू केले होते. परवाना मिळाल्यावर त्यांनी एक साधे पण फार दूरवरचे काम केले. देशभरातले जे कृष्णवर्णीय तरुण परीक्षेच्या लायक होते पण ज्यांना हाताखाली घ्यायला कुणी तयार नव्हते, अशांना त्यांनी आपल्याकडे नोकरी दिली. मुले दुसऱ्या राज्यांतून शिकागोला येत, त्यांच्याकडे काम करत, अनुभवाचा दाखला घेत. आपल्याकडे सी.ए. करणाऱ्या मुलांच्या घरी विचारा, आर्टिकलशिपसाठी फर्म शोधताना काय होते. ओळख असलेल्याला आठवड्यात जागा मिळते. ओळख नसलेला दारोदार फिरतो. मेरीबाईंनी ती ओळख पुरवली.

तरीही १९६९ साली अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक सी.पी.ए.मध्ये कृष्णवर्णीय होते फक्त १३६. त्या वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये नऊ कृष्णवर्णीय हिशेबनीस एकत्र बसले आणि त्यांनी नॅशनल असोसिएशन ऑफ ब्लॅक अकाउंटंट्स, म्हणजे 'नाबा', ही संघटना काढली. पुढे तिच्या शाखा कॉलेजाकॉलेजांत विद्यार्थ्यांचे क्लब म्हणून उभ्या राहिल्या. १९७२ साली लॉस एंजेलिसमध्ये स्पॅनिश भाषक समाजातल्या हिशेबनिसांनी आपली संघटना काढली, ती आज 'आल्फा' या नावाने ओळखली जाते. २००५ साली आशियाई वंशाच्या लोकांनी 'असेंड' काढली. तिच्याही विद्यार्थी शाखा आहेत आणि आपल्याकडून गेलेल्या मुलांनाही तिथे जाता येते.

आम्ही हा इतिहास एवढा लांबवला, कारण 'वशिला' या शब्दावर आपल्या घरांत फार बोलले जाते. आपला कुणी वर नाही, आपल्याला कोण विचारणार, हे वाक्य मुले लहानपणापासून ऐकतात. वर कुणी नसेल तर निदान शेजारी चार जण असावेत, एवढे त्या नऊ माणसांनी केले. आणि त्यांनी तक्रारीसाठी संघटना काढली नाही. परीक्षेची तयारी, नोकरीच्या जागांची माहिती, मुलाखतीत काय विचारतात, हे सांगणारी माणसे त्यांनी एकमेकांना जोडून दिली.

क्लबात नेमके चालते काय

इलिनॉय विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ, कारण वर त्याचे नाव वारंवार आले. शिकागोच्या दक्षिणेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, मक्याच्या शेतांच्या मधोमध अर्बाना आणि शॅम्पेन ही जुळी गावे आहेत. तिथेच फजलुर रहमान खान ढाक्याहून येऊन शिकले आणि पुढे त्यांनी शिकागोतल्या सिअर्स टॉवरच्या सांगाड्याचा आराखडा केला. इथल्या बिझनेस स्कूलला २०१७ साली पंधरा कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तेव्हापासून ते 'गीज कॉलेज ऑफ बिझनेस' म्हणून ओळखले जाते. ऑगस्टच्या अखेरीस, वर्ग सुरू होण्याच्या सुमारास, विद्यापीठाच्या मधल्या मोठ्या हिरवळीवर क्लबांचा मेळावा भरतो. शेकडो टेबले, प्रत्येकामागे दोन-तीन विद्यार्थी, आणि प्रत्येक जण येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतोय. आपल्या उरुसातल्या दुकानांची आठवण यावी. नव्या मुलाला तिथे गांगरायला होते, यात नवल नाही.

बिझनेस स्कूलचे क्लब साधारण विषयवार असतात. कुठे शेअर आणि गुंतवणूक, कुठे जाहिरात, कुठे हिशेब, कुठे कंपन्यांना सल्ला देण्याचे काम. इलिनॉयमध्ये विद्यार्थीच चालवतात अशी एक सल्लागार संस्था आहे, जिच्याकडे खऱ्या कंपन्या आपले प्रश्न घेऊन येतात. नामांकित क्लबांत शिरणे सोपे नसते. माहितीची संध्याकाळ, मग जुन्या सभासदांबरोबर कॉफी, मग अर्ज, मग मुलाखत. सल्लागार क्लबांच्या मुलाखतीत एखाद्या दुकानाचा नफा का घटला असेल असे कोडे घालतात. यात एक गमतीचा अन्याय आहे, आणि तिथले विद्यार्थीही त्याबद्दल कुरकुर करतात. शिकायला क्लबात जायचे, पण शिरायला आधीच शिकलेले असावे लागते. ज्याच्या घरी हे वातावरण आहे तो पहिल्या फेरीत पुढे जातो. आपला मुलगा पहिल्या वर्षी दोन-तीन ठिकाणी नाकारला गेला तर घरच्यांनी तो मोठा पराभव समजू नये. सर्वांना खुले असलेले क्लबही भरपूर असतात, आणि मोठ्या क्लबात शेवटच्या रांगेत बसण्यापेक्षा छोट्या क्लबाचा खजिनदार होणे आमच्या मते जास्त कामाचे.

फायदा काय, असे कुणी विचारील. सगळ्यात मोठा फायदा तारखांचा. ऐकायला विचित्र वाटेल. पण तिकडच्या मोठ्या बँका आणि कंपन्या उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणासाठी मुलांची निवड फार आधी करतात. गुंतवणूक बँकांची निवड तर कधी कधी वर्षाहून आधी सुरू होते, म्हणजे मूल दुसऱ्या वर्षात असतानाच. हे वर्गात कुणी शिकवत नाही. हे वरच्या वर्गातला मुलगा क्लबच्या मीटिंगनंतर जिन्यात उभा राहून सांगतो. जो मीटिंगला नव्हता, तो चांगले गुण मिळवून वेळेवर अर्ज भरायला जातो, आणि त्याला कळते की जागा भरल्या. मास्टर्सला गेलेल्यांकडे तर सगळा मिळून दीड-दोन वर्षांचाच अवधी असतो.

आमच्या सर्वांत आवडीचे काम मात्र हिशेबाच्या विद्यार्थ्यांचे. बीटा आल्फा साय ही त्यांची सभा १९१९ साली याच इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली. ती गुणही पाहते आणि कामही मागते. नुसते नाव लावून बसता येत नाही, ठरावीक तास व्यवसायाच्या कार्यक्रमांना आणि ठरावीक तास लोकसेवेला द्यावे लागतात. तिच्या अनेक शाखांचे विद्यार्थी दरवर्षी कर-विवरणपत्रे भरून देण्याच्या सेवेत बसतात. अमेरिकेत १५ एप्रिलपर्यंत विवरणपत्र भरायचे असते. ज्यांचे उत्पन्न कमी आहे, ज्यांना इंग्रजी नीट येत नाही, जे म्हातारे आहेत, त्यांच्यासाठी तिथल्या कर खात्याने ही मोफत सेवा चालवली आहे. विद्यार्थ्याने खात्याची परीक्षा देऊन दाखला घ्यायचा, आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या ग्रंथालयात किंवा समाजमंदिरात टेबल मांडून बसायचे. समोर येते एखादी सफाई कामगार बाई, दोन नोकऱ्यांचे दोन कागद घेऊन, तीन मुलांची नावे सांगत. योग्य रकाना भरला तर तिला हजारो डॉलर परत मिळू शकतात, चुकला तर खात्याची नोटीस. वीस वर्षांच्या मुलाला जबाबदारी म्हणजे काय ते या टेबलावर कळते. शिवाय आपल्या मुलांच्या घरचे एक काम होते. कमाई नसली तरी विद्यार्थी व्हिसावर नव्याने गेलेल्या परदेशी मुलाला तिथल्या कर खात्याचा ८८४३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, आणि हे कित्येकांना ठाऊकच नसते.

आपल्या घरांच्या शंका

व्याजाचा प्रश्न लगेच येतो. बँकिंगचा, गुंतवणुकीचा क्लब आपल्या मुलाने धरावा का? काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या हाती खरा निधी दिलेला असतो आणि कोणते शेअर घ्यायचे ते विद्यार्थी ठरवतात. मसला विचारायचा तर आलिमांना विचारावा, तो आमचा अधिकार नाही. शिक्षक म्हणून आम्ही एवढे सांगू शकतो की कंपनीचा ताळेबंद वाचता आल्याशिवाय तिचा धंदा हलाल की हराम, तिच्यावर व्याजी कर्ज किती, हे कळणारच नाही. १९९९ साली न्यूयॉर्कच्या डाऊ जोन्सने इस्लामी निर्देशांक सुरू केला. २०१० साली मुंबई शेअर बाजारानेही शरियतच्या कसोटीला उतरणाऱ्या पन्नास कंपन्यांचा निर्देशांक सुरू केला. ही चाळणी लावायला फिकहबरोबर ताळेबंदही समजणारी माणसे लागतात. ती कुठे तरी शिकूनच तयार होतात.

दारूची शंका खोटी नाही. कंपन्यांच्या भेटीच्या संध्याकाळी पेले फिरतात. ज्याने घ्यायची नाही त्याने हातात पाण्याचा किंवा सरबताचा पेला धरावा, कारण सांगत बसू नये. तिकडे अनेक लोक वेगवेगळ्या कारणांनी पीत नाहीत. जुम्याच्या वेळेला मीटिंग ठेवली तर आधीच सांगावे, बहुधा वेळ बदलून मिळते. मुलींनी एक जास्तीची काळजी घ्यावी. हस्तांदोलन करायचे नसेल तर सुरुवातीलाच छातीवर हात ठेवून हसून नमस्कार करावा. समोरचा माणूस हात पुढे करून अवघडण्याआधी.

ग्रीक अक्षरांची नावे असलेले आणखी एक प्रकरण आहे, त्यात गल्लत होऊ नये. आल्फा कॅपा साय १९०४ साली आणि डेल्टा सिग्मा पाय १९०७ साली न्यूयॉर्क विद्यापीठात निघाल्या. या बिझनेसच्या विद्यार्थ्यांच्या 'फ्रॅटर्निटी', म्हणजे भाईचाऱ्याच्या संघटना. १९७० च्या दशकात त्यांत मुलींना प्रवेश मिळाला. ओळखी मोठ्या, दबदबा मोठा. पण कुठल्याही फ्रॅटर्निटीत नव्या सभासदाचा उमेदवारीचा काळ असतो, आणि त्या काळात काही ठिकाणी रॅगिंगसारखे प्रकार होतात. आपल्याकडे महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला. अमेरिकेत अशा घटना कॉलेजांनी जाहीर केल्याच पाहिजेत, असा देशभराचा कायदा व्हायला डिसेंबर २०२४ उजाडला. रात्री उशिरा बोलावणे, काही गुप्त ठेवायला सांगणे, प्यायला लावणे, यातले एक जरी घडले तरी मुलाने त्याच दिवशी बाहेर पडावे, आणि बाहेर पडल्याबद्दल घरच्यांनी त्याला एका शब्दाने बोलू नये.

आणि आपली मुलेच आपल्यासाठी काढतात तो क्लब? जानेवारी १९६३ मध्ये मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशन सुरू झाली, तीही याच अर्बाना-शॅम्पेनच्या आवारात. वेगवेगळ्या देशांतून आलेली मुले होती ती. आज अमेरिका-कॅनडातल्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत तिच्या शाखा आहेत. रमजानमध्ये दोनशे जणांच्या इफ्तारीचा हिशेब सांभाळणे, सभागृह मिळवायला अर्ज करणे, विद्यार्थी निधीतून पैसे मंजूर करून घेणे, हे सगळे व्यवस्थापनच आहे आणि नोकरीच्या अर्जात ते खुशाल लिहावे. आमची एकच सूचना. मूल फक्त तिथेच रमत असेल तर त्याला हळूच ढकलावे. एक क्लब आपल्या माणसांचा, एक परक्यांचा. नाबातल्या लोकांनीही एकमेकांचा हात धरला तो मोठ्या फर्ममध्ये शिरण्यासाठीच.

किती क्लब? दोन पुरे. अभ्यासाचे तास खाणारा तिसरा क्लब नको. पहिल्या सत्राच्या परीक्षेत गुण घसरले तर एक सोडावा. बाहेरच्या कंपनीचे काम असेल आणि त्यात मोबदला असेल, तर विद्यार्थी व्हिसाच्या अटींना धरून आहे की नाही ते विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आधी विचारावे. इथे अंदाजाने चालू नये.

आणि रविवारच्या फोनवर "मार्क किती पडले" याच्यानंतर आणखी एक प्रश्न जोडावा: "या आठवड्यात नवीन कुणाची ओळख झाली?" उत्तर सलग दोन महिने "कुणाचीच नाही" असे आले, तर मूल खोलीत एकटे बसले आहे असे समजावे. ऑगस्टचा मेळावा हुकला असेल तरी बिघडत नाही. जानेवारीत सत्र सुरू होताना बऱ्याच विद्यापीठांत दुसरा, छोटा मेळावा भरतो. गर्दी कमी असते, टेबलामागच्या मुलांना बोलायला सवड असते, आणि कित्येक क्लबांची वसंतातली भरतीही त्याच सुमारास सुरू होते. तारीख विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत लिहिलेली असते.